रुपये-आण्यांच्या रेघा आणि जुन्या हिशेबांचा ताळा

मोडी कागदांचा रुमाल सोडला म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम पत्रांकडे जाते, मग शिक्क्यांकडे, मग मित्यांकडे. जमाखर्चाचे बंद शेवटीं हातीं येतात आणि बहुधा तसेच गुंडाळून ठेविले जातात. क्वचित् कोणी ते नकलून छापलेच, तर त्यांतील रकमांची जी दुर्दशा होते ती आम्हीं अनेकदां पाहिली आहे. रुपयांचा आंकडा छापला जातो. त्याच्या उजवीकडील उभ्या रेघा विरामाच्या दंडासारख्या दिसतात म्हणून गळतात. आडव्या रेघा लेखणीचा फराटा समजून सोडून दिल्या जातात. सत्तावीस रुपये चौदा आणे हे नुसते सत्तावीस रुपये होऊन बसतात, आणि पुढें त्याच छापील आंकड्यांवर कोणी महसुलाचे सिद्धांत उभारतो.

या रेघा म्हणजे कारकुनी संक्षेप नव्हे. तें चारांच्या पायावर रचलेलें पुरें अंकलेखन आहे. आणि ज्या अर्थीं तें अंकलेखन आहे त्या अर्थीं त्यास गणिताचे नियम लागू पडतात. ते नियम जाणले म्हणजे आपलें वाचन चुकलें आहे कीं नाहीं हें तर कळतेंच, पण चूक कोणत्या जातीची आहे हेंही बहुतेक वेळां कळतें. एवढेंच दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर हा विषय घरचाच आहे. अकबराच्या वेळीं हा मुलूख वऱ्हाड सुभ्यांत मोडत होता. आईन-इ-अकबरींत कळंब व माहूर या सरकारांचीं नांवें आहेत, आणि यवतमाळचा परगणा तेथें योत-लोहारा या नांवानें नोंदला आहे. पुढें निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल आला. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेला. वणी या नांवानें कांहीं वर्षें ओळखला गेलेला जिल्हा १९०५ सालीं यवतमाळ या नांवाचा झाला. अंमलाबरोबर दप्तराची भाषा बदलली, सिक्का बदलला. परंतु रुपयाच्या चार पावल्या व पावलीचे चार आणे हा हिशेब टिकून राहिला. याच यवतमाळांत शारदाश्रमाचे संस्थापक कै. य. खु. देशपांडे यांनीं महानुभावीय पोथ्यांच्या शोधांत हयात घालविली. सांकेतिक लिप्यांचा उलगडा झाल्यामुळें मराठीचें केवढें वाङ्मय उजेडांत आलें हें येथील वाचकांस सांगावयास नको. सकळ लिपीपुढें या चार रेघा क्षुल्लक वाटतील. पण लिपि कितीही साधी असली तरी तिची किल्ली हातीं नसेल तर कागद मुकाच राहतो.

(१) रेघांची रचना

नियम थोडके आहेत. रुपयांचा आंकडा नेहमींच्या दशमान रीतीनें लिहितात. त्याच्या उजवीस एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात् ४ आणे. दोन रेघा अर्धा रुपया. तीन रेघा पाऊण रुपया. त्यापुढें एक आडवी रेघ म्हणजे एक आणा. दोन रेघा दोन आणे. तीन रेघा तीन आणे. कित्येकांच्या हातीं ही आडवी रेघ किंचित् तिरपी पडते. यावरून ५। म्हणजे सव्वापांच रुपये, ५॥ म्हणजे साडेपांच, ५॥। म्हणजे पावणेसहा, १२।≡ म्हणजे १२ रुपये ७ आणे, ८॥।- म्हणजे ८ रुपये १३ आणे, आणि २७॥।= म्हणजे २७ रुपये १४ आणे. एखादें स्थान रिकामें असेल तेथें बहुधा अवग्रहासारखें वळण काढितात. त्याची घडण प्रांताप्रमाणें व हाताप्रमाणें बदलते.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, एका जातीच्या चार रेघा एकत्र कधीं येऊं नयेत. चार आडव्या झाल्या कीं त्यांची एक उभी होते, चार उभ्या झाल्या कीं एक रुपया होतो. म्हणून ज्या नकलेंत चार उभ्या रेघा आढळतील तेथें शेवटची रेघ ओळ संपल्याचा दंड असावा, किंवा पहिली रेघ रुपयांतील १ हा अंक असावा, असा संशय लागलाच घ्यावा. दुसरी ही कीं, दशमान लेखनांत अंकाचें मोल त्याच्या जागेवरून ठरतें. येथें तें रेघेच्या दिशेवरून ठरतें. त्यामुळें कागदाचा मधला तुकडा कसरीनें खाल्ला असला तरी उरलेली रेघ आपलें मोल स्वतःच सांगते. फाटक्या दप्तरावर काम करणाऱ्यास हा मोठाच उपकार आहे.

आण्याखालीं चार पैसे, आणि पैशाखालीं तीन पै. म्हणजे रुपया = ४ पावल्या = १६ आणे = ६४ पैसे = १९२ पै. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलखांत एकच रुपया सुरू केला, तेव्हांही ही वांटणी कायम राहिली.

(२) पाया म्हणजे काय

दहांचा एक दहा, दहा दहांचा एक शंभर, या चढणीस आपण इतके सरावलों आहों कीं ती संख्येच्या अंगचीच वाटते. वस्तुतः ती लिहिणाराची सोय आहे. चढण ज्या संख्येनें होते तिला आपण पाया म्हणूं. पाया १० असो, ४ असो कीं ६० असो, संख्या तीच राहते. फक्त तिचा पोषाख बदलतो.

वर दिलेली २७॥।= ही रक्कम घेऊं. हिचे आणे ४४६ होतात. ४४६ हें दहाच्या पायावरचें लेखन झालें. चारांच्या पायावर हीच संख्या १, २, ३, ३, २ अशा पांच अंकांनीं लिहिली जाते. कारण २५६ एकदां, ६४ दोनदां, १६ तीनदां, ४ तीनदां व १ दोनदां मिळून ४४६ होतात. यांतील शेवटचे ३ व २ हेच आपल्या कारकुनानें तीन उभ्या व दोन आडव्या रेघांनीं दाखविले आहेत. रुपये मात्र तो दहाच्या पायावर लिहितो. म्हणजे एकाच रकमेंत दोन पाये नांदतात, आणि नवशिक्याचा गोंधळ होतो तो याच सांध्यावर.

असे निरनिराळे पाये आपल्या जुन्या व्यवहारांत पावलोपावलीं आढळतात. पंचांगांत ६० विपळांचें एक पळ व ६० पळांची एक घटका. जमिनीच्या कागदांत २० काठ्यांचा एक पांड व २० पांडांचा एक बिघा. वजनांत ४० शेरांचा मण. धान्याच्या मापांत तर दोनांचा पाया आहे: २ निळव्यांचें एक कोळवें, २ कोळव्यांचें एक चिपटें, २ चिपट्यांचें एक मापटें, २ मापट्यांचा एक शेर. या मापांचा एक गुण पाहण्यासारखा आहे. निळवें, कोळवें, चिपटें व मापटें हीं एकेकच जवळ असलीं तरी १ पासून १५ निळव्यांपर्यंत कोणतेंही धान्य, एकही माप दोनदां न भरतां, मोजतां येतें. आणि प्रत्येक वेळीं तें एकाच प्रकारें येतें. ११ निळवीं पाहिजेत तर मापटें, कोळवें व निळवें भरावें. दुसरा मार्ग नाहीं. दोनांच्या पायावर प्रत्येक संख्या शून्य व एक यांनींच, आणि एकाच रीतीनें, लिहितां येते, याचेंच हें प्रत्यक्ष रूप. लायब्निझनें १७०३ सालच्या निबंधांत दोन अंकांचें हें गणित युरोपास समजावून दिलें. आपल्याकडील मापाऱ्याचा हात तें न सांगतां करीत असे.

(३) ताळ्याचें बीज

नवाचा ताळा पुष्कळांस ठाऊक आहे. संख्येच्या अंकांची बेरीज करावी. ती नवानें भागून जी बाकी येते तीच मूळ संख्येची बाकी. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतांत, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुमारास, ती सांगितली आहे. आणि नारायण पंडितानें १३५६ सालच्या गणितकौमुदींत नवाऐवजीं कोणतीही इष्ट संख्या घेऊन ताळा पाहावा असें म्हटलें आहे. आपल्या कामास हा नारायणाचा विस्तार उपयोगी पडतो.

नऊच कां? कारण पाया दहा आहे, आणि नऊ म्हणजे पायाहून एक कमी. हें रुपये-आण्यांत चटकन् पटतें. प्रत्येक रुपयाचे सोळा आणे ओतावे. प्रत्येक ढिगांतील पंधरा आणे बाजूस सारून एकच ठेवावा. आतां जमिनीवर उरले ते रुपयांइतके आणे, अधिक पहिले सुटे आणे. जें सारलें तें सारें पंधरांचेंच होतें. म्हणून पंधरांनीं भागल्याची बाकी बदलत नाहीं. सारांश, रुपये व आणे यांची नुसती बेरीज करावी व तींतून पंधरा-पंधरा टाकावे: हा पंधराचा ताळा. २७ रुपये १४ आणे यांची बेरीज ४१, बाकी ११. आणि ४४६ ला १५ नीं भागलें तरी बाकी ११ च.

याच न्यायानें पाया चार असतां ताळा तीनाचा, वीस असतां एकोणिसाचा, चाळीस असतां एकोणचाळिसाचा, साठ असतां एकोणसाठाचा. ३७ बिघे १४ पांड यांची बेरीज ५१, एकोणिसाची बाकी १३. एकंदर पांड ७५४, त्यांचीही बाकी १३.

पायाहून एक अधिक अशा संख्येचाही ताळा आहे. रुपया म्हणजे सतरा आण्यांस एक उणा. म्हणून सतराच्या हिशेबांत प्रत्येक रुपया उणा एक धरावा. आण्यांतून रुपये वजा करावे, आणि बाकी ऋण आली तर तींत सतरा मिळवीत जावे. २७ रुपये १४ आणे यांत १४ उणे २७ म्हणजे उणे १३; सतरा मिळविले कीं ४. ४४६ ला १७ नीं भागलें तरी बाकी ४.

तीनाचा ताळा तर सर्वांत सोपा, आणि मोठा मौजेचा. दहा, चार व सोळा या तिहींस तीनांनीं भागलें असतां बाकी एकच उरते. त्यामुळें दोन पायांचा सांधा येथें आड येतच नाहीं. रुपयांचे अंक व सगळ्या रेघा, उभ्या-आडव्या असा भेद न करतां, एकत्र मोजाव्या. २७॥।= यांत २, ७, तीन रेघा, दोन रेघा मिळून १४; तीनाची बाकी २. ४४६ ची बाकीही २.

(४) एक उदाहरण

रीत दाखविण्यासाठीं आम्हींच रचलेला चार ओळींचा हिशेब घेऊं. प्रत्येक रकमेपुढें पंधराची व सतराची बाकी दिली आहे.

१२।≡ (१२ रु. ७ आणे): पंधराची बाकी ४, सतराची १२
८॥।- (८ रु. १३ आणे): पंधराची ६, सतराची ५
२७॥।= (२७ रु. १४ आणे): पंधराची ११, सतराची ४
५॥= (५ रु. १० आणे): पंधराची ०, सतराची ५
एकूण ५४॥। (५४ रु. १२ आणे): पंधराची ६, सतराची ९

चार ओळींच्या पंधराच्या बाक्या मिळून २१, म्हणजे ६, एकुणाचीही ६. सतराच्या बाक्या मिळून २६, म्हणजे ९, एकुणाचीही ९. ताळा जुळला. हातचा धरावा लागला नाहीं, आण्यांचे रुपये करावे लागले नाहींत; नक्कल करतां करतां समासांत बाकी टिपीत जावें, पान संपतांच ताळा तयार. शेंदोनशें ओळींच्या बंदावर हा लाभ लहान नाहीं.

आतां नकलकारानें तिसऱ्या ओळींतील एक उभी रेघ आडवी वाचली असें समजूं. २७॥।= याचे २७॥≡ झाले; चौदा आण्यांचे अकरा. तीनाचा ताळा येथें आंधळा ठरतो, कारण रेघांची संख्या पांचच राहिली. परंतु पंधराची बाकी ११ च्या जागीं ८ येते, बेरीज १८, म्हणजे ३, एकुणाची ६. ताळा तुटला, आणि तो नेमका तीनांनीं तुटला.

(५) फरकाची जात

हा ‘तीनांनीं’ महत्त्वाचा आहे. अंक किंवा रेघ एका स्थानाची दुसऱ्या स्थानाची म्हणून वाचली गेली, तर पडणारा फरक त्या दोन स्थानांच्या मोलांचें अंतर असतो. आणि पाये ठाऊक असल्यामुळें तीं अंतरें आपणांस आधींच ठाऊक आहेत. आमच्या अनुभवास येणाऱ्या चुका व त्यांचे फरक असे:

उभी रेघ आडवी वाचली, किंवा उलट: ३ आणे.
उभी रेघ गळली: ४ आणे, आडवी गळली: १ आणा.
पावली रुपयांत धरली: १२ आणे.
रुपया आण्यांत धरला: १५ आणे.
रुपयांचे शेजारचे दोन अंक उलटे लिहिले, जसें २७ चे ७२: नऊ रुपये किंवा त्यांची पट, येथें ४५ रुपये.
रुपयांतील शेवटचा १ उभी रेघ समजला, जसें ११ रुपयांचे १। झाले: ९ रुपये १२ आणे.

म्हणून नकलेची बेरीज कागदांतील एकुणाशीं जुळली नाहीं तर ‘लेखकाची चूक’ असा शेरा मारण्यापूर्वीं फरक पाहावा. तो तीन आण्यांचा असेल तर त्या पानावरील प्रत्येक तिरपी रेघ पुन्हां भिंगाखालीं धरावी. नऊ रुपयांच्या पटींत असेल तर उलट्या अंकांचा शोध घ्यावा. १२ आण्यांचा फरक मात्र अनेक वाटांनीं पडूं शकतो: पावली रुपयांत गेली असेल, तीन उभ्या रेघा गळल्या असतील, किंवा चार ठिकाणीं उभ्या-आडव्याची गल्लत झाली असेल. फरक दिशा दाखवितो. निकाल शेवटीं कागदच देतो.

प्रत्येक ताळ्याच्या कांहीं चुका नजरेआड होतात, आणि त्या कोणत्या हेंही पायावरूनच ठरतें. तीनाचा ताळा वरील गल्लतींपैकीं बहुतेक पाहूं शकत नाहीं. त्यास फक्त रेघ गळल्याचें किंवा जास्त पडल्याचें कळतें. पंधराचा ताळा रुपया व आणा यांची अदलाबदल पाहूं शकत नाहीं, कारण तो फरक पंधराच आहे. २७ चे ७२ झाले तरीही तो फसतो, कारण ४५ हे पंधरांच्या पटींत आहेत. सतराचा ताळा या दोन्ही चुका पकडतो. म्हणून दोन्ही पाहावे. दोहोंतूनही सुटणारा फरक २५५ आण्यांचा, म्हणजे १५ रुपये १५ आण्यांचा, किंवा त्याच्या पटींचाच असूं शकतो; आणि अशी चूक सहसा घडत नाहीं.

(६) चौथाई, सरदेशमुखी आणि तिजाई

पायाचा परिणाम भागाकारांत आणखी स्पष्ट होतो. १७१९ सालीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा शाहू महाराजांस मिळाल्या. त्या सहांत वऱ्हाड होता. चौथाई म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. एक हिस्सा चारांच्या पायाचा, दुसरा दहांच्या.

२७॥।= यांची चौथाई काढावयाची तर रेघा एकेक पायरी खालीं उतरवाव्या. दोन आडव्या रेघांचे दोन पैसे झाले. तीन उभ्या रेघा तीन आडव्या झाल्या. २७ रुपयांस चारांनीं भागून ६ आले व तीन उरले, ते तीन उभ्या रेघा झाले. उत्तर ६॥।≡ व दोन पैसे, म्हणजे ६ रुपये १५ आणे २ पैसे. कसर नाहीं, हातचा नाहीं. चौथाईचा आंकडा मूळ रकमेशीं ताडून पाहावयास नजरच पुरते.

सरदेशमुखी मात्र अशी वागत नाहीं. शंभर रुपयांचे दहा रुपये क्षणांत होतात. पण याच २७॥।= यांचा दहावा भाग २ रुपये १२ आणे २ पैसे होऊन वर एक पै आणि पैचा पंचमांश उरतो, आणि चारांच्या पायावर तो भाग कितीही खालीं उतरलें तरी संपत नाहीं. यामुळें सरदेशमुखीच्या रकमेंत पैशाची कसर सोडलेली किंवा चढविलेली दिसली तर तो कारकुनाचा निष्काळजीपणा मानूं नये. तो पायाचा दोष आहे.

तिजाईची गोष्ट याहून बोलकी. वतनाच्या तीन भावांत एक रुपया वांटावयाचा. प्रत्येकास एक पावली दिली, एक उरली. तिचे चार आणे करून एकेक दिला, एक उरला. त्याचे चार पैसे करून एकेक दिला, पुन्हां एक उरला. प्रत्येक पायरीवर एकेकच रेघ, आणि एक उरणें अखंड चालूच. चारांच्या पायावर तिजाई कधींच पुरी होत नाहीं. येथें पै कामास येते: उरलेल्या पैशाचे तीन पै केले कीं एकेक वांटून वाद मिटतो. प्रत्येकास ५ आणे ४ पै. चोवीस तास चारांच्या चढणीनें चालणाऱ्या व्यवहारांत शेवटची पायरी तीनांची कां, याचा उपयोग अशा वांटणींत दिसून येतो.

(७) सावधगिरी

ताळा लावण्यापूर्वीं पाया ठरवून घ्यावा. आण्याचे पै बारा. बारांस तीनांनीं निःशेष भाग जातो, म्हणून पै असलेल्या रकमेस तीनाचा सोपा ताळा जसाच्या तसा लागत नाहीं. तेथें सर्व रक्कम पैंत मोजली तर तीनाची बाकी फक्त सुट्या पैंवरून ठरते. खंडीचे मण वीस. वीसांस तीनांनीं भागलें तर दोन उरतात, म्हणून त्या ताळ्यांत खंडी मिळवावयाच्या नसून वजा करावयाच्या. आणि नांवावर तर मुळींच विसंबूं नये. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. येथील व्यापाऱ्याच्या चोपडींत खंडी हा शब्द आला कीं ती वीस मणांचीच समजणें धोक्याचें. मुंबईच्या बाजारांतील कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडांच्या २८ मणांची. तेथें पाया २८, आणि ताळा सत्ताविसाचा.

सिक्क्याचेंही तसेंच. एकाच बंदांत दोन जातींचे रुपये असतील व बट्टा काढला असेल, तर बट्ट्यापूर्वींच्या व नंतरच्या रकमा वेगळ्या ठेवून ताळा पाहावा. निजामाच्या अंमलांतील फारसी कागदांवर सियाकाच्या खुणा असतात. त्या अरबी संख्यानामांच्या संक्षेपांपासून बनलेल्या आहेत. त्यांत स्थानाचें मोल नाहीं. म्हणून आधीं त्यांचे अंक करावे, मगच बाक्या काढाव्या.

सर्वांत मोठी सावधगिरी निराळीच आहे. ताळा जुळला म्हणजे कागद खरा असें नव्हे. खोटा कागद करणारालाही बेरीज येतेच. आणि ताळा तुटला म्हणजे आपलें वाचन चुकलें असेंही नव्हे. मूळ कारकुनाचा हात चुकला असेल, किंवा त्यानें एखादी रक्कम जाणून लपविली असेल, आणि संशोधकास हवी ती नेमकी तीच गोष्ट असेल. म्हणून तीनदां पाहूनही ताळा न जुळल्यास रक्कम कागदांत आहे तशीच छापावी व फरक टिपेंत द्यावा. हिशेब जुळावा म्हणून रेघ वाढविणें हें दप्तरावरचें पातकच होय.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि चारांची चढण व्यवहारांतून उठली. पावलीचे पंचवीस सरळ झाले. आण्याचे सव्वासहा झाले, म्हणून तो बसेना. बाजारांत पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मात्र राहिले. ज्यांनीं पाटीवर या रेघा गिरविल्या ती पिढी आतां विरळ होत चालली आहे. पुढच्या वाचकास त्या कोणी तोंडीं शिकविणार नाहीं. जो कागद आपण आज नकलून ठेवूं तोच त्याचा आधार.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति इतकीच आहे. जमाखर्चाचे बंद बाजूस टाकूं नयेत. छायाचित्र घेतांना कागदाची उजवी कड कापली जाऊं देऊं नये, कारण आणे तेथेंच असतात. नक्कल करतांना रेघा रेघांप्रमाणेंच काढाव्या व शेजारीं अंकांत अर्थ लिहावा. आणि पान उलटण्यापूर्वीं समासांत पंधराची व सतराची बाकी टिपावी. एवढें केलें तर वऱ्हाडाच्या गांवोगांवच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या या कागदांत किती रुपये होते हें पुढच्यांस कळेल, आणि किती आणे होते हेंही कळेल. असो.